रानातील शिबिरे आणि मुलाचा शब्द

हाताबाहेर गेलेल्या मुलाला काही दिवस रानात ठेवावे, तेथले कष्ट, थंडी, भूक आणि एकांत ह्यांनी ते आपोआप सरळ होते, ही समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वातील उपमन्यूची कथा आपणांपैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकली असेल. आयोदधौम्य ऋषींनी त्याला गाई राखण्यास रानात धाडले. त्याने मागून आणलेली भिक्षा काढून घेतली, दुसऱ्यांदा भिक्षा मागण्यास मनाई केली, गाईंचे दूध बंद केले, वासरांच्या तोंडचा फेससुद्धा वर्ज्य केला. शेवटी भुकेने कासावीस झालेल्या त्या मुलाने रुईची पाने खाल्ली, त्याची दृष्टी गेली आणि तो एका विहिरीत पडला. ही कथा आपण गुरुभक्तीचा आदर्श म्हणून सांगतो. परंतु तिच्यातील एक गोष्ट सांगावयाची बहुधा राहून जाते. संध्याकाळी मूल परतले नाही हे गुरूंच्या लक्षात आले. आपण त्याचे सगळे खाणे बंद केले म्हणून तो रागावला असेल, असे म्हणून ते इतर शिष्यांसह रानात हाका मारीत निघाले. विहिरीतून उत्तर आले, ते त्यांनी खरे मानले. पुढे अश्विनीकुमारांनी मुलाला दृष्टी दिली. आजच्या विषयाचे मर्म ह्या कथेत आले आहे. फरक इतकाच, की मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात अश्विनीकुमारांची नेमणूक झालेली नाही.

विषय असा. अमेरिकेत गेली चाळीस-पन्नास वर्षे ‘वाइल्डरनेस थेरपी’ नावाचा एक उद्योग चालतो. आपण त्याला अरण्योपचार म्हणू. शाळा बुडविणारी, नशापाणी करणारी, घरातून पळणारी, स्वतःला इजा करून घेणारी अशी तेरा ते सतरा वर्षांची मुले आईबाप पैसे भरून ह्या संस्थांच्या हवाली करतात. संस्था त्यांना वाळवंटात किंवा डोंगरात नेते. तेथे आठ ते बारा आठवडे चालणे, ओझे वाहणे, उघड्यावर निजणे, लाकडावर लाकूड घासून विस्तव पाडणे, आणि मधूनमधून समुपदेशकाशी बोलणे, असा क्रम असतो. अशा धर्तीचा उद्योग आपल्याकडे त्या नावाने उभा राहिलेला नाही. परंतु त्याचे सुटे भाग आपल्याकडे आजच हजर आहेत. उन्हाळी निवासी शिबिरे आहेत, लष्करी शिस्तीची शिबिरे आहेत, संस्कार-शिबिरे आहेत, व्यसनमुक्ती केंद्रे आहेत, आणि ‘थांब, तुला वसतिगृहातच टाकतो’ ही घरोघरची धमकी तर आहेच. हे भाग कोणी एकत्र जुळवू म्हटले, तर जागा म्हणून त्याची नजर जव्हार-मोखाड्याकडे वळणे अगदी साहजिक आहे. मुंबईहून दीडशे किलोमीटरांच्या आत, नाशिकहून त्याहूनही जवळ, दाट झाडी, दऱ्या, धबधबे, आणि फोन लागत नाही असे पाडे. ‘फोन लागत नाही’ ही शहरातल्या थकलेल्या बापाला ह्या जागेची मोठी गुणवत्ता वाटते. आम्हांस नेमका तिथेच धोका दिसतो, आणि तो का दिसतो हे आम्ही सांगणार आहोत.

ह्या कल्पनेचा उगम वाईट नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. कुर्ट हान नावाचे जर्मन शिक्षणतज्ज्ञ हिटलरच्या राजवटीत देश सोडून ब्रिटनमध्ये आले. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांवरील तरुण खलाशी जीवरक्षक नावांत लवकर हाय खातात आणि वयस्क खलाशी तग धरतात, असा अनुभव येत होता. तेव्हा हान ह्यांनी लॉरेन्स होल्ट ह्या जहाजमालकाच्या साहाय्याने १९४१ मध्ये वेल्समधील ॲबरडोव्ही येथे तरुणांसाठी एक शाळा काढली. तीच पुढे ‘आउटवर्ड बाउंड’ ह्या नावाने जगभर पसरली. मुलाला पेलेल एवढे संकट द्यावे, ते त्याने सोबत्यांच्या मदतीने पार करावे आणि त्यातून त्याचा स्वतःवर विश्वास बसावा, हे तिचे तत्त्व होते. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस युटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात अभ्यासात मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना वाळवंटात नेण्याचा प्रयोग झाला, आणि त्यातील कित्येकांनी पुन्हा अभ्यास धरला. इथवर सारे ठीक होते. विद्यार्थी आपल्या पायांनी जात होते.

बिघाड पुढे झाला. १९८८ मध्ये त्याच युटात ‘चॅलेंजर’ नावाची एक संस्था निघाली. ६३ दिवसांचा कार्यक्रम आणि सुमारे १६,००० डॉलर शुल्क. इथे मूल आपल्या पायांनी येत नव्हते. आईबापांच्या संमतीने पहाटे चारच्या सुमारास दोन धट्टेकट्टे अनोळखी पुरुष मुलाच्या खोलीत शिरत, आणि ‘चल’ म्हणून त्याला गाडीत घालीत. ही पद्धत त्या धंद्यात पुढे रूढच झाली आणि ती नेण्याचे काम करणारे स्वतंत्र व्यावसायिक निर्माण झाले. आपल्याकडे काही व्यसनमुक्ती केंद्रांची माणसे अशाच रीतीने रोग्याला घरातून उचलून नेतात, हे आपण ऐकतोच. १९९० च्या जून महिन्यात ह्या संस्थेच्या तांड्यातील सोळा वर्षांची एक मुलगी प्रारंभीच्या काही दिवसांतच भर उन्हात चालताना कोसळली आणि उष्माघाताने मेली. त्याच्या आदल्याच महिन्यात, अशाच दुसऱ्या संस्थेत, पंधरा वर्षांची एक मुलगी शरीरातील पाणी संपून मेली होती. १९९४ मध्ये, पुन्हा युटातच, तिसऱ्या एका संस्थेत सोळा वर्षांचा मुलगा पोटातील व्रण फुटून, त्याचे विष पोटभर पसरून मेला. तो कित्येक दिवस पोट दुखते म्हणून सांगत होता. त्याला चालवत नव्हते, कपडे मळत होते, अंगावरचे मांस उतरले होते. रखवालदार म्हणत राहिले, की हा सोंग करतो.

येथे थोडे थांबले पाहिजे. ही तीन मुले वाघाने खाल्ली नाहीत, कड्यावरून पडली नाहीत, पुरात वाहून गेली नाहीत. रान क्रूर असते म्हणून ती मेली, असे म्हणणे रानावर अन्याय करण्यासारखे आहे. अंग तापले तर सावली, पाणी शोषले गेले तर पाणी, पोट फुगले तर शस्त्रवैद्य, ह्या साध्या गोष्टी वेळेवर मिळत्या तर तिघेही बहुधा वाचती. त्या मिळाल्या नाहीत, कारण मुले जे सांगत होती ते ऐकणाऱ्यांना खोटे वाटत होते. आणि ते खोटे वाटण्याचे कारण ह्या उपचाराच्या पायातच आहे. ‘हे मूल लबाड आहे, ते आपल्याला गुंडाळील, त्याच्या रडण्याला भुलू नका,’ असे संस्थेने आईबापांना आणि नोकरांना पहिल्या दिवशीच शिकविलेले असते. मुलाचे पत्र घरी जाण्यापूर्वी वाचले जाते. ‘मला इथून न्या’ असे त्यात असेल, तर तेच रोगाचे लक्षण म्हणून आईबापांना समजावून दिले जाते. अशा रीतीने मूल जितके खरे आणि जितके कळवळून सांगेल, तितके ते अधिक खोटे ठरते. आमच्या मते ह्या सर्व प्रकरणातील मुख्य दोष हा आहे. इतर दोष, म्हणजे अप्रशिक्षित नोकर, अपुरे अन्न, नफ्याची हाव हे ह्या एका दोषाच्या आश्रयाने वाढतात.

हा जुना इतिहास झाला, आता सुधारणा झाल्या असतील, असे कोणी म्हणेल. अमेरिकेच्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ह्या निवासी संस्थांवर अहवाल दिला. त्यात दहा मुलांच्या मृत्यूंची छाननी आहे, आणि १९९० पासूनच्या गैरवर्तनाच्या हजारो तक्रारींचा उल्लेख आहे. काही राज्यांनी परवान्यांचे नियम केले. तरीही २०२४ च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका अरण्योपचार शिबिरात बारा वर्षांचा मुलगा दाखल झाल्यापासून चोवीस तासांच्या आत मरून पडलेला आढळला. पहिल्या रात्री त्याला अंगाभोवती बंद होणाऱ्या एका अरुंद तंबूवजा पिशवीत निजविले होते, आणि ती उघडली तर घंटा वाजावी अशी योजना केली होती. शवतपासणीत श्वास कोंडून मृत्यू झाल्याचे निष्पन्न झाले. राज्याने शिबिर बंद पाडले. त्याच वर्षाच्या जूनमध्ये अमेरिकी सिनेटच्या वित्त समितीने अशा निवासी संस्थांवर कठोर अहवाल काढला, आणि डिसेंबरमध्ये संस्थांमधील बालछळ थांबविण्यासाठी एक कायदा मंजूर झाला. म्हणजे पहिल्या मृत्यूपासून देशाच्या कायद्यापर्यंत चौतीस वर्षे गेली. श्रीमंत, शिकलेल्या, न्यायालये जागी असलेल्या देशाची ही कथा आहे.

आता आपण आपल्या भूमीवर येऊ. जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्याचे पूर्वेकडील डोंगराळ तालुके. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होते. जव्हार मुकणे राजांच्या संस्थानाची राजधानी, आणि आजही पाहुणा जयविलास राजवाडा आणि दाभोसा धबधबा पाहून परत जातो. पण ह्या तालुक्यांना ‘निर्जन अरण्य’ म्हणणे ही मुळातच चूक आहे. इथे वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी असे लोक पिढ्यान् पिढ्या राहतात. ज्या रानात शहरातल्या मुलाला शिक्षा म्हणून सोडावयाचे, तेच रान येथील दहा वर्षांच्या मुलीचे घरअंगण आहे. ती तिथे गुरे राखते, कंद ओळखते, ओढ्यात खेकडे धरते, संध्याकाळी मोळी घेऊन घरी येते. तिचे घर ही कोणाची तरी शिक्षा ठरावी, ह्यात तिचाही अपमान आहे, असे आम्हांस वाटते. शिबिरवाल्यांच्या छापील पत्रकांत ‘आदिवासी जीवनाचा अनुभव’ असे शब्द असतात. त्यांत तिला विचारलेले असते का?

आणि रान ओळखीचे असूनही ते येथील लोकांना काही सूट देत नाही. २०२० च्या जुलैमध्ये जव्हारजवळच्या काळमांडवी धबधब्यात पाच तरुण बुडाले. ते परगावचे प्रवासी नव्हते, जव्हारचेच होते. पावसाळ्यात ह्या भागात पाणी किती वेगाने चढते हे आपण इथले लोक जाणता. डोंगरावर पडलेला पाऊस खाली दिसत नाही. पाऊल ठेवले तेव्हा घोट्याएवढा असलेला ओढा परतताना कमरेएवढा झालेला असतो. उन्हाळ्यात उलट प्रकार. पाडापाड्यांतील विहिरी तळ गाठतात, बायका हंडे घेऊन दूरवर जातात. अशा मे महिन्यात बाहेरची पन्नास मुले आणून ठेवली, तर त्यांचे पाणी कोणाच्या वाट्यातून येणार, हा प्रश्न शिबिराच्या नीतीचाच आहे. मानसिक आजारांवरील काही औषधांनी घाम कमी येतो आणि अंगातील उष्णता बाहेर पडत नाही. लिथियम घेणाऱ्या रोग्याच्या शरीरातील पाणी कमी झाले, की तेच औषध विषासारखे होते. ज्या मुलांना अशी औषधे चालू असण्याचा संभव अधिक, त्यांनाच अशा शिबिरांत पाठविले जाते, हे विसरता येत नाही.

पण पूर आणि ऊन निदान डोळ्यांना दिसतात. आम्हांस अधिक भय वाटते ते न दिसणाऱ्या गोष्टीचे, आणि तिचे नाव मण्यार. हा साप रात्री फिरतो, उंदरांच्या आणि पालींच्या मागे घरांत शिरतो, आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला मध्यरात्रीनंतर चावतो. त्याचे दात बारीक असतात. दंशाची खूण पुष्कळदा सापडत नाही, सूज येत नाही, आग होत नाही. निजलेला माणूस कूस वळवून पुन्हा झोपतो. दोन-चार तासांनी पोटात कळ येते, उलटी होते, घसा दुखतो, घोट गिळवत नाही. मग पापण्या जड होऊ लागतात, बोलणे बोबडे होते, आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थकतात. सर्पविषावरील लस आणि कृत्रिम श्वासाचे यंत्र वेळेवर मिळाले, तर असा रोगी चांगला बरा होतो. आता कल्पना करा, की पहाटे सहा वाजता चालावयास निघण्याच्या वेळी एक मुलगा म्हणतो, ‘पोट दुखतंय, डोळे उघडत नाहीत.’ काल त्याने चालण्यास नकार दिला होता, परवा शिबिर सोडून पळण्याचा प्रयत्न केला होता. त्याच्यावर ‘सोंगाड्या’ हा शिक्का बसलेला आहे. त्याच्या उशाशी उभ्या असलेल्या बावीस वर्षांच्या प्रशिक्षकाने काय समजावे? युटातील त्या मुलाचीही तक्रार हीच होती. पोट दुखते.

म्हणूनच आम्ही म्हणतो, की रानातल्या शिबिरात मुलाची तक्रार खरी मानणे हा दयेचा प्रश्न नाही, तो सुरक्षिततेचा पहिला नियम आहे. दोर, शिरस्त्राण, जीवरक्षक जाकीट हे सारे त्याच्यामागून येते. दहापैकी नऊ वेळा मूल खरोखरच सोंग करीत असेल. नऊ वेळा त्याला विनाकारण जीपमध्ये घालून दवाखान्यात न्यावे लागेल, आणि शिबिराचा तेवढा दिवस बुडेल. हा खर्च ज्याला परवडत नाही, त्याने रानात मुले नेऊ नयेत.

हे अंतर प्रत्यक्षात किती, तेही पाहा. मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे, जव्हारला कुटीर रुग्णालय आहे, आणि त्यांच्या आवाक्याबाहेरचा रोगी बहुधा नाशिकला धाडतात. जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर, आणि वाट घाटाची. पण खरी अडचण त्याच्याही आधीची आहे, ती पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतची. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मोखाडा तालुक्यातील बोटोशी गावच्या एका पाड्यावर अकाली जन्मलेली जुळी बालके दगावली, आणि रक्तस्राव होत असलेल्या त्यांच्या आईला डोलीत घालून निसरड्या वाटेने सुमारे तीन किलोमीटर चालत रस्त्यावर आणावे लागले. ज्या भागात इथल्या बाळंतिणीला डोलीशिवाय गती नाही, तेथे ‘आम्ही सर्व वैद्यकीय सोयींनी सज्ज आहोत’ असे कोणी छापले असेल, तर ते वाचणाऱ्याने डोली कोण वाहणार हे विचारावे.

मुलाचा शब्द खरा न मानण्याचा दोष परदेशातून येण्याची वाट पाहावी लागणार नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ह्या दोन तालुक्यांतील हजारो मुले आश्रमशाळांत राहून शिकतात. आश्रमशाळा म्हणजे अरण्योपचार नव्हे. ती नसती तर कित्येक मुले शाळेचे तोंडही न पाहती, आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाती. परंतु एक साम्य आहे. तेथेही मूल घरापासून दूर आहे, आणि ते आजारी आहे की नाही हे ठरविणारा माणूस त्याचा बाप नाही. महाराष्ट्रातील आश्रमशाळांत गेल्या दोन दशकांत दगावलेल्या मुलांची संख्या शेकड्यांत आहे. ह्या मृत्यूंवरून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका चालली, आणि २०१६ मध्ये राज्यपालांनी नेमलेल्या डॉ. सुभाष साळुंखे ह्यांच्या समितीने त्यांची पाहणी केली. ताप, कावीळ, सर्पदंश, विंचूदंश, बुडणे अशी कारणे त्यांत येतात. ह्यांतील पुष्कळ कारणे अशी, की प्रारंभी मूल फक्त ‘बरं नाही वाटत’ एवढेच सांगू शकते. ते कोणाला सांगावे? शिक्षक संध्याकाळी घरी गेलेला, अधीक्षक एकटा, आणि मूल वारली बोलणारे. पुस्तकी मराठीत दुखणे कसे सांगावे हे सहा वर्षांच्या पोराला माहीत नसते. ते मग न सांगताच पळते; जंगलातून दहा-बारा किलोमीटर चालत पाड्यावर पोहोचते. होळीला किंवा बोहाड्याला मुले पळतात ते निराळे, ती परत येतात. पण एरवी पळालेले मूल काहीतरी सांगत असते. त्याला धरून आणण्याआधी ते काय, हे विचारावयास हवे.

कायद्याकडे वळू. आपल्याकडे कायदा नाही अशी तक्रार करण्याची सोय नाही, तो पुष्कळ आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला मानसिक आरोग्य संस्थेत दाखल करावयाचे, तर दोन मनोविकारतज्ज्ञांनी, किंवा एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसऱ्या एका मानसिक आरोग्य व्यावसायिकाने अथवा डॉक्टराने, त्याला स्वतंत्रपणे तपासले पाहिजे. बाहेर राहून उपचार होण्यासारखे नाहीत, अशी त्यांची खात्री झाली पाहिजे. आईबापांपैकी कोणी किंवा त्यांनी नेमलेले माणूस मुलाजवळ सतत राहिले पाहिजे. मुलाला मोठ्या रोग्यांपासून वेगळे ठेवावयाचे, आणि त्याला दाखल केल्याची खबर ७२ तासांच्या आत पुनर्विलोकन मंडळाला द्यावयाची. बालन्याय अधिनियम, २०१५ म्हणतो, की काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या संस्थेने नोंदणी केलीच पाहिजे, आणि ताब्यातील मुलाला क्रूरपणे वागविणाऱ्या संस्थेच्या नोकरास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. आणि साहसाचे कार्यक्रम चालविणाऱ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ च्या ऑगस्टमध्ये साहसी पर्यटन धोरण काढून पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सांगितली आहे.

तीन कायदे, तीन खाती. लबाड माणूस ह्या तिहींच्या मधल्या फटीतून जातो. आरोग्यखात्याने विचारले, तर हे शिबिर सहलीचे असते. पर्यटनखात्याने विचारले, तर ते संस्काराचे असते. महिला व बालविकासवाल्यांनी विचारले, तर मुले सुट्टीत आईबापांच्या खुशीने आलेली असतात. पालकांना मात्र ‘मुलगा बदलून देऊ’ असे सांगितलेले असते. आमचे मत असे आहे, की जो कोणी मुलाचे मन किंवा वर्तन बदलून देण्याचे पैसे घेतो, तो उपचार करतो आहे, आणि त्याला वैद्यकाचा कायदा लागला पाहिजे. मग त्याच्या पाटीवर काहीही लिहिलेले असो.

मग रानाचा उपयोगच करावयाचा नाही काय? तसे आम्ही म्हणत नाही. नॉर्वेत एका रुग्णालयाच्या किशोरवयीन मुलांच्या मनोविकार विभागाने डोंगरात नेऊन उपचार करण्याची पद्धत बसविली आहे. तेथे मूल स्वतः होऊन येते, रुग्णालयाचे चिकित्सक स्वतः बरोबर चालतात, दोन-चार रात्री बाहेर काढून मूल घरी जाते, आणि नको वाटले तर पुढच्या खेपेस येत नाही. पण इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात, डहाणूजवळ, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखावी लागतात म्हणून मुले शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली. शिक्षकच कुरणात गेला. गुरे चरत, आणि झाडाखाली मुले शिकत. ह्या प्रयोगाची वाखाणणी पुष्कळ होते, पण आम्हांस त्यात आजच्या विषयाला उपयोगी असे दिसते ते एवढेच, की कुरणशाळेतले मूल संध्याकाळी आपल्या आईजवळ जात होते. शाळेत कोणी मारले, उपाशी ठेवले, तर ते त्याच रात्री घरात कळले असते.

पालकांना दोष देणे सोपे आहे, आणि आम्हांस ते करावयाचे नाही. ज्या घरात पंधरा वर्षांचा मुलगा आईच्या अंगावर धावून जातो, दागिने विकतो, किंवा मनगटावर पाते ओढून घेतो, तेथे रात्री झोप लागत नाही. कोणीतरी त्याला आठ आठवडे घेऊन जावे आणि शहाणा करून आणावा, ही इच्छा माणुसकीला धरूनच आहे. पण अशा पालकांनी एक ध्यानात घ्यावे. ज्याने जिवाला अपाय करून घेण्याचा विचार बोलून दाखविला आहे, ज्याला फिट येते, ज्याचा दमा बळावतो, ज्याने अन्न सोडले आहे किंवा ज्याची नशा नुकतीच तोडली आहे, अशा मुलाची जागा रुग्णालयाजवळ आहे, रुग्णालयापासून दूर नाही. इतरांना रान मानवेलही. मात्र ‘पहिले तीन आठवडे मुलाशी बोलता येणार नाही, ते नियमात बसत नाही’ असे जेथे सांगतात, तेथून पालकाने पायऱ्यांवरूनच परत फिरावे. शिबिर चांगले असेल, तर पालकाचे न कळवता येणे त्याला जाचत नाही. मुलाच्या हाताला लागेल अशा जागी फोन असावा आणि त्यावर १०९८ हा बालसाहाय्याचा क्रमांक लिहिलेला असावा. फोन लागत नसेल तर ती जागाच बदलावी. पाड्यावरच्या एखाद्या वयस्क बाईला पगार देऊन मुलांत राहावयास सांगितले, तरी बरेच साधेल. तिला पाऊस कळतो, साप कळतो, आणि शिबिराच्या मालकाचा तिला धाक नसतो. पोर पांढरे पडले आहे की सोंग करते आहे, हे ती बघून सांगेल.

निजण्याची जागा जमिनीपासून उंच असावी, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली असावी. रात्रभर एक मोठे माणूस पाळीने जागे असावे. शिबिराची गाडी डांबरी रस्त्यावर नव्हे, मुले जेथे निजतात तेथे, चालकासह उभी असावी. सर्पविषावरील लस त्या आठवड्यात जव्हारला आहे की नाही, हे शिबिर भरण्यापूर्वी प्रत्यक्ष जाऊन विचारलेले असावे, आणि कृत्रिम श्वासाचे यंत्र नाशिकला कोठे मिळते ते चालकाला पाठ असावे.